मनिलाच्या ॲनिमे-कॉन्सची तयारी: फोम, जर्सी, गनप्ला, व्होल्टेस फाइव्ह (अनुभव धागा)

धागाकर्ती

फिलिपिन्सच्या मनिला, सेबू, दावाओत नोकरी-शिक्षणासाठी राहणारे आणि तिथल्या ॲनिमे-कॉन्सना, म्हणजे जपानी ॲनिमेशन-मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्यांना, जाणारे जे कोणी इथे असतील, त्यांच्यासाठी हा धागा. विनंती एकच: किस्से नकोत, कृती लिहा. काय वापरायचं, किती, कुठे मिळतं, कुठे फसतं आणि का फसतं. तिथले चाहते बऱ्याच गोष्टी स्वतःच्या हाताने करतात, दमट हवेत करतात आणि मोजक्या पैशांत करतात. त्यांच्या कामाची किंमत कळायची तर ते काम कसं होतं हे माहीत हवं.

सुरुवात व्होल्टेस फाइव्हने, कारण ते ठाऊक नसेल तर तिथल्या चाहत्यांशी गप्पा पुढे सरकत नाहीत. ही जपानी रोबो-मालिका १९७८ मध्ये जीएमए वाहिनीवर सुरू झाली. २७ ऑगस्ट १९७९ रोजी मार्कोस सरकारने ती आणि मझिंगर झेडसारख्या इतर रोबो-मालिका बंद केल्या, तेही शेवटचे मोजकेच भाग उरले असताना. कारण दिलं गेलं हिंसेचं. पण कथा होती जुलमी साम्राज्याविरुद्धच्या बंडाची आणि देशात होता मार्शल लॉ, त्यामुळे लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. मार्कोसना हटवणाऱ्या १९८६ च्या क्रांतीनंतर मालिका पुन्हा दिसू लागली. २०२३ मध्ये जीएमएनेच माणसं घेऊन तिची नवी आवृत्ती केली. आज पन्नाशी ओलांडलेली माणसं कॉनमध्ये मूळ शीर्षकगीत जपानीतूनच, एक अक्षर न चुकता म्हणतात. ‘लेट्स व्होल्ट इन’ ही आरोळी तर मालिका न पाहिलेल्यांनाही येते.

आता बोआझानियन, म्हणजे मालिकेतल्या शिंगवाल्या परग्रहवासीयांच्या, शिंगांची कृती. प्रत्येक शिंगासाठी १० मिमी ईव्हीए फोमचे (हलक्या, रबरासारख्या फोमचे) दोन अर्धे कापायचे, मध्ये अडीच मिमीची ॲल्युमिनियमची तार ठेवून चिकटवायचे, कडा तिरक्या तासायच्या. तार खाली दीड इंच बाहेर ठेवून तिचा चपटा वेढा करायचा आणि तो वेढा विगच्या आतल्या पट्ट्यांना दोऱ्याने शिवायचा. हेअरबँडला नुसता गरम गोंद लावला तर दुपारपर्यंत शिंगं पुढे झुकतात. वजन पुढच्या बाजूला असतं आणि घामाने बँड सरकतो, म्हणून.

पासिगची_फोमवाली

चिलखताबद्दल लिहिते. फोम तिथे ‘रबर शीट’ म्हणून मागा. २ मिमी नक्षीसाठी, ५ मिमी छाती-पाठीसाठी, १० मिमी खांदे आणि शस्त्रांसाठी. मध्यम बांध्याच्या माणसाचं कमरेवरचं चिलखत साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद ५ मिमी शीटमध्ये बसतं, पण आधी कागदी साचा करायचाच. अंगाला क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून मास्किंग टेप लावा, मार्करने जोडरेषा काढा, कापून सपाट करा. अशा साच्यात एक सेंटिमीटर सैलपणा धरा. आत टी-शर्ट येतो आणि मनिलाच्या हवेत तो ओला होऊन फुगतो.

कापताना पात्याला धार हवी. दर तीन-चार लांब कापांनंतर पातं मोडून नवं टोक घ्या. बोथट पात्याने फोम दातेरी कापला जातो आणि जोडावर फट राहते, ती मग कितीही रंगवली तरी फोटोत दिसते.

गोंद म्हणजे कॉन्टॅक्ट सिमेंट. तिथे कुठल्याही कंपनीचं असलं तरी लोक त्याला ‘रग्बी’च म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पण अल्पवयीनांना विकत नाहीत. नशेसाठी त्याचा फार दुरुपयोग झालेला आहे. त्यामुळे दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडचं फेविबाँड त्याच जातीचं. दोन्ही कडांना पातळ हात द्यायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा मिनिटं थांबायचं, मग एकदाच नेमकं जुळवून दाबायचं. खिडक्या उघड्या आणि तोंडाला नुसता कापडी मास्क नव्हे, कार्बन फिल्टरवाला.

मग हीटगनने पृष्ठभाग बंद करणं. दहा-पंधरा सेंटिमीटर लांबून, हात सतत हलता ठेवून. फोमला किंचित तकाकी आली की पुढे सरका. ही पायरी गाळली तर रंग स्पंजासारखा आत शोषला जातो. त्यावर प्लॅस्टी डिपचे (रबरासारख्या लवचीक लेपाचे) तीन-चार पातळ हात किंवा पांढरा लाकडाचा गोंद पाण्यात पातळ करून चार-पाच हात. गोंद स्वस्त, पण कोपर-गुडघ्याशी वाकवला की तडकतो. तिथे प्लॅस्टी डिपच. थर्माकोलवर स्प्रे रंग थेट मारू नका, त्यातल्या द्रावकाने तो विरघळतो.

नाशिकचा_केमिस्ट

वरच्या गोंदाबाबत एक भर. पावसाळ्यात सिमेंटचा थर कधीकधी दुधाळ, धुरकट दिसतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. त्या अवस्थेत जोड दाबला तर तो जुळल्यासारखा वाटतो आणि दोन तासांनी सुटतो. उपाय: थर हेअर ड्रायरने हलका गरम करा, धुरकटपणा गेला की वरून आणखी एक पातळ हात द्या, पुन्हा थांबा. पंखा थरावर रोखू नका, खोलीतली हवा हलेल एवढाच ठेवा. आणि हॉट ग्लूची कामं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीतल्या तापमानाला ती कांडी मऊ पडते.

दिविसोरिया_भक्त

कापडासाठी मनिलाचा दिविसोरिया बाजार, त्यातही इलाया रस्ता. फिती, लेस, बटणं, गोंडे यांसाठी जवळचाच ताबोरा रस्ता. माप यार्डात सांगतात, म्हणजे ९१ सेंटिमीटर. मीटरचा हिशेब करून गेलात तर कापड कमी पडेल. लांब कोट आणि पँटच्या गणवेशाला ६० इंच पन्ह्याचं गॅबर्डीन पाच यार्ड धरा. ‘गीना’ स्वस्त आणि चमकदार, पण फ्लॅशमध्ये पांढरं पडतं आणि कडा उसवतात, अस्तराला ठीक. सकाळी लवकर जा, सुटे पैसे न्या, पिशवी पुढे धरा.

शोहोकू_१०

पहिल्यांदाच कॉस्प्ले (पात्रासारखा वेश) करणाऱ्यांनी थेट ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या मालिकेची जर्सी घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल गल्लोगल्ली, प्रत्येक बारांगायची (वॉर्डाची) स्पर्धा, आणि म्हणून पूर्ण छपाईच्या जर्सी शिवणारी दुकानं जागोजागी. जपानी मालिका आणि गावातली जर्सी यांची अशी गाठ दुसरीकडे क्वचित पडते.

ऑर्डर देताना चार गोष्टी. आकडा आणि खेळाडू जुळवा: साकुरागी १०, रुकावा ११, आकागी ४, मित्सुई १४, मियागी ७. फाइल व्हेक्टर द्या. मोबाइलवरचं चित्र दिलंत तर अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या छापल्या जातात. शोहोकूचा, म्हणजे मालिकेतल्या या संघाचा, लाल या छपाईत नारिंगीकडे झुकतो, कारण शाई कापडावर उष्णतेने बसते आणि पडद्यावरचा लाल त्या शाईत जसाच्या तसा येत नाही. म्हणून आधी हातभर कापडावर तीन-चार लाल छटांचा नमुना छापून मागा आणि तो ट्यूबलाइटखाली न पाहता दारात नेऊन पाहा. चौथं, बरीच दुकानं एकेकटी जर्सी घेत नाहीत, किमान संख्या असते. पाच जणांनी मिळून दिलीत तर पूर्ण संघच उभा राहतो.

राओनचा_झारा

चमकणारी शस्त्रं करणाऱ्यांसाठी: एलईडी, वायर, स्विच मनिलातल्या क्यापोच्या राओन रस्त्यावर सुटे मिळतात. ५ व्होल्टच्या पॉवर बँकेवर लाल एलईडीला १५० ओहम, पांढऱ्या-निळ्याला १०० ओहम, प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर. सगळे एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला तर एक दिवा जास्त करंट खेचतो आणि आधी तोच जातो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: दोन-तीन एलईडी एवढा कमी करंट घेतात की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती अर्ध्या मिनिटात बंद होते. अशा वेळी तीन एए सेलचा डबा वापरा, म्हणजे साडेचार व्होल्ट. रेझिस्टर तेच चालतात, उजेड किंचित कमी. स्विच मुठीत लपवा आणि सेल बदलायला झाकण ठेवा. सेल आत चिकटवून टाकले की पुढच्या कॉनला सगळं फोडावं लागतं.

गनप्ला_मुलुंड_ते_मकाती

गनप्ला म्हणजे ‘गंडम’ मालिकेतल्या रोबोंची सुटे पार्ट जोडून करायची प्लॅस्टिक मॉडेल्स. हवा मुंबईसारखीच, त्यामुळे हे दोन्हीकडे लागू. पार्ट फ्रेममधून एका घावात कापू नका. आधी दोन-तीन मिमी लांबून, मग उरलेला तुकडा सपाट पात्याने, मग ४००, ८००, १००० नंबरचा पॉलिश पेपर. एका घावात कापलं की प्लॅस्टिकवर ताण येऊन पांढरा डाग उमटतो. इनॅमल पॅनेल लायनर (खाचांच्या रेघा उठवणारा पातळ रंग) सांध्यांच्या एबीएस प्लॅस्टिकच्या भागांवर सांडू देऊ नका. ताणाखालचं एबीएस त्याने तडकतं, तेही दुसऱ्या दिवशी, जोडणी झाल्यावर.

मॅट टॉपकोट, म्हणजे शेवटी मारायचा बिनचकाकीचा स्प्रे, हा खरा घात. जुलै ते सप्टेंबर आर्द्रता ८०च्या पुढे असणं नेहमीचं आणि अशा हवेत स्प्रे मारला की मॉडेलवर धुकं धरतं. आर्द्रतामापकाचा काटा ७०च्या खाली असेल तरच मारा. पार्ट आदल्या रात्री एसी खोलीत ठेवा, सकाळी दहा-अकराला ऊन असेल तर गॅलरीत २५ सेंटिमीटरवरून दोन पातळ हात द्या, वास ओसरला की लगेच पुन्हा एसीत. धुकं धरलंच तर घासू नका; कोरड्या दिवशी त्याच कॅनचा एक हलका हात दिला की बहुतेक वेळा ते विरघळतं.

पीव्हीसी फिगर (पात्राची तयार प्लॅस्टिक मूर्ती) डब्यात बंद राहून चिकट झाली तर ती खराब झाली असं समजू नका. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं तेल बाहेर येतं, एवढंच. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं. थिनर किंवा स्पिरिट नको, रंग जातो.

खरेदीची भाषाही शिकून घ्या. फेसबुकवरच्या विक्रीत ‘माइन’ लिहिलं की वस्तू तुमची, मग मागे फिरणं नाही. ‘डीपी’ म्हणजे आगाऊ रक्कम. माल राखून ठेवायला सांगून पैसे न देणाऱ्याला ‘जॉय रिझर्व्हर’ म्हणतात आणि असं नाव एकदा यादीत गेलं की कुणी विकत नाही. ‘पासाबाय’ म्हणजे जपानला जाणाऱ्याकडून मागवणं. परदेशातून आलेल्या वस्तूची किंमत १०,००० पेसोंपर्यंत असेल तर आयात शुल्क आणि कर लागत नाही. २०१६ च्या कायद्यापासून ही मर्यादा आहे.

टेबल_नंबर_नाही

आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे कॉनमधल्या चित्रकारांच्या टेबलांवर, चित्रं विकायची असतील तर: ३०० डीपीआय, सीएमवायके (छपाईचे रंग), चारी बाजूंनी ३ मिमी जादा. स्टिकर व्हिनाइलवरच काढा. कागदी स्टिकर घामेजल्या हाताने उचलला की शाई पसरते. उभं मांडायला ३ मिमी सिंत्रा बोर्ड, आपण ज्याला सनबोर्ड म्हणतो ते. पैसे बहुतेक जीकॅश या तिथल्या मोबाइल ॲपने येतात. गर्दीत हॉलचं नेटवर्क बसतं, म्हणून क्यूआर छापून ठेवा आणि समोरच्याचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका, आपल्या ॲपमध्ये जमा झालेलं पाहा. वीस आणि पन्नास पेसोंची चिल्लर सकाळीच आणा. फॅनआर्टसोबत स्वतःची कॉमिक पुस्तिका जरूर ठेवा. ‘त्रेसे’ ही मनिलाची भूतकथा-कॉमिक २००५ मध्ये झेरॉक्स प्रतींतूनच सुरू झाली होती आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची ॲनिमे-मालिका आली.

दावाओची_मेडिको

दावाओला एमबीबीएसच्या समकक्ष शिक्षणासाठी आलेली भारतीय मुलं भरपूर, त्यांच्यासाठी विमानाचं. पॉवर बँक हातातल्या सामानातच. स्प्रे रंग आणि रग्बी कुठल्याच सामानात नाही. मनिलात उतरून घ्या. नकली तलवार-बंदूक चेक-इनमध्ये, दोन-तीन तुकड्यांत सुटेल अशीच बनवा: आत पीव्हीसी पाइप, त्यात बारीक मापाचा दुसरा पाइप, आरपार एक बोल्ट. हेल्मेट हातात न्या, आत कपडे भरून.

आणखी एक. तिथल्या तिशी-चाळिशीतल्यांनी ‘यू यू हाकुशो’ ही मालिका ‘घोस्ट फायटर’ नावाने पाहिली. त्यांच्यासाठी युसुके म्हणजे युजीन, कुवाबारा म्हणजे आल्फ्रेड, कुरामा म्हणजे डेनिस, हिएई म्हणजे व्हिन्सेंट. दोन्ही नावं पाठ असू द्या.

धागाकर्ती

उत्तम भर पडली. हॉलमधल्या वागण्याचं राहिलं होतं, ते लिहिते. कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारायचं: ‘पुवेदे पो बा मागपा-पिक्चर?’ यातला ‘पो’ म्हणजे आपला अहो-जाहो. तो गाळू नका. वयाने मोठ्या मुलीला ‘आते’ म्हणतात, म्हणजे ताई, आत्या नव्हे, मुलाला ‘कुया’. विगला, शस्त्राला हात लावायचा तर वेगळं विचारा. प्रवेशद्वाराशी शस्त्रांची तपासणी असते: धातूचं पातं चालत नाही, एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या छऱ्यांची खेळातली बंदूक) असेल तर मॅगझिन आणि बॅटरी काढून.

मनिलात मेगामॉलच्या कॉनला एमआरटी-३ मेट्रोचं ओर्तिगास स्टेशन, मॉल ऑफ एशियाजवळच्या एसएमएक्स या प्रदर्शन-केंद्राला एड्सा हमरस्त्यावरची बस. चिलखत घालून बसमध्ये चढू नका, तिथे जाऊन घाला, आणि सोबत एक ‘हँडलर’ न्या: पाणी, पिशव्या आणि मागची चेन त्याच्याकडे.

हँडलरच्या पाउचमध्ये: सुपर ग्लू दोन ट्यूब, काळा आणि पांढरा दोरा ओवलेल्या सुया, सेफ्टी पिना वीस, दुहेरी टेप, पाच मिमी फोमचा तळहाताएवढा तुकडा, विगच्या पिना, टिश्यू, मिठाचं सरबत. सुपर ग्लूची एक ट्यूब बंदच ठेवा. उघडलेली दमट हवेत हमखास तोंडाशी घट्ट होते, आणि शिंग नेमकं स्टेजवर जायच्या आधी सुटतं.