निवडणुकीच्या धुराळ्यात तुमचा छंद कसा टिकला? खान्देशकरांनो, लिहा

आमच्या वसाहतीजवळच्या मैदानाला आम्ही आठ जण रोज सकाळी फेऱ्या मारतो. 2024 चा एप्रिल. जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्यात डोकी उन्हाहून तापलेली. एका सकाळी भांडण झालं. कशावरून ते सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी चौघे नेहमीच्या दिशेने चालू लागले आणि चौघे उलट्या. आता मैदान गोल, त्यामुळे एका फेरीत दोनदा समोरासमोर यायचोच. तीन दिवस सगळे मोबाइलमध्ये डोकं खुपसून एकमेकांना ओलांडत होते. चौथ्या दिवशी आमच्यातले सगळ्यात वजनदार गृहस्थ समोरून येता येता ओरडले, "अरे, मतदान 13 मेला आहे! तोवर उलटं चाललो तर माझे गुडघे जातील!" सगळे हसले आणि दिशा एक झाली. कोण कोणाच्या बाजूने वळलं यावर मात्र अजून एकमत नाही.

तर त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही धुमश्चक्रीत तुमचा छंद, तुमचं हसणं आणि तुमचं मत हे तिन्ही कसं सांभाळलंत? अट एकच. पक्ष, उमेदवार, चिन्ह यांचं नाव काढायचं नाही. बाकी मोकळं लिहा.

अमळनेरची लेक, धुळ्याची सून

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा दिवाळीच्या वरचा सण. 2024 ला ती 10 मेला आली, शुक्रवारी. माहेरचं मतदान 13 ला आणि सासरचं 20 ला. मी सांजोऱ्या तळायला आणि झोका खेळायला माहेरी. घरात मात्र सकाळी घागर भरल्यापासून एकच विषय. मोठा भाऊ एका बाजूचा, धाकटा दुसऱ्या. खापरावरची पुरणपोळी ताटात गार होतेय आणि हे दोघं आमरसाच्या वाट्या आपटतायत.

मला गाणी रचायचा नाद आहे. लहानपणापासून झोक्यावर बसलं की जीभ आपोआप चालते. संध्याकाळी लिंबाच्या झाडाखाली आम्ही सात-आठ जणी जमलो, तेव्हा मी सुरू केलं:

झोका गया वर वं माय, नेता उना घर वं माय,
पाच वरीस कोठे व्हता, आज दिखनं दार वं माय!

मग काय, प्रत्येकीने एकेक ओळ जोडली. नळाला येणारं पाणी, रस्त्यातले खड्डे, लग्न ठरत नसलेला शेतकरी नवरदेव, सगळे झोक्यावर चढले. दोघे भाऊ ओट्यावरून ऐकत होते. दोघांनाही वाटलं की गाणं समोरच्याच्या नेत्यावर आहे, म्हणून दोघेही टाळ्या वाजवत होते.

13 तारखेला घरातल्या सगळ्यांच्या बोटाला शाई आणि माझं बोट कोरं. शेजारच्या काकू दिवसभर विचारत राहिल्या, "तू गेली नाहीस का गं?" मी 20 ला धुळ्यात मत दिलं. निकालात आमच्या मतदारसंघातला फरक निघाला 3,831 मतांचा. तेव्हा वाटलं, बरं झालं माहेरी जास्त दिवस राहिले नाही.

पत्तेवाला, एरंडोल तालुका

वरच्या ताई आखाजीबद्दल बोलल्या म्हणून राहवत नाही. आखाजीला पत्ते खेळायला आमच्याकडे घरातली म्हातारी माणसंही ना म्हणत नाहीत. त्या वर्षी पहिल्याच डावाला राजकारण निघालं आणि एकाने पत्ते फेकले. आमच्या मोठ्या काकांनी स्टीलचा डबा मध्ये ठेवला. जो राजकारण काढेल त्याने डब्यात दहा रुपये टाकायचे. सुरुवातीला सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "हे घ्या पन्नास, आता पाच वाक्यं बोलतो."

दोन दिवसांत सगळ्यांना पुरून उरेल इतकं आइस्क्रीम आलं. सगळ्यात जास्त दंड काकांनीच भरला.

मास्तर, शहादा

माझा छंद चित्रकलेचा. खिशात कायम छोटी वही आणि 4बी पेन्सिल. 13 मेची माझी ड्यूटी अक्राणी तालुक्यातल्या डोंगरातल्या एका शाळेत. आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघालो ते जीपने, आणि शेवटचा टप्पा पायी. मशीनच्या पेट्या गावातल्या पोरांनी खांद्यावर घेतल्या. आमच्या जिल्ह्यात नर्मदेकाठच्या काही केंद्रांवर तर बोटीनेच जावं लागतं, त्या मानाने आम्ही सुखी. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून मोहाचं झाड काढलं. केंद्राध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, झाड काढा, पण आधी फॉर्म भरा." त्या फॉर्मांचे रकाने मोजले तर झाडाच्या पानांपेक्षा जास्त भरतील.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. किमान 50 मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला द्यायची, 'वरीलपैकी कोणीही नाही' यालाही द्यायची. मग निकाल काढून जुळवायचा, मशीन क्लिअर करायचं, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या. समोर उमेदवारांचे प्रतिनिधी डोळे चोळत बसलेले. निकाल आला तर सगळ्यांना जवळजवळ सारखी मतं. एक प्रतिनिधी म्हणाला, "सर, हाच निकाल जाहीर करून टाका, कोणी भांडणार नाही."

दुपारी एक आजी आल्या. दीड तास डोंगर उतरून. बटण दाबलं, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. आजी काही हलेनात. स्थानिक मदतनिसाला विचारलं तर तो हसू दाबत म्हणाला, "त्या म्हणतायत, चिठ्ठी छापली माझी, मग मला का देत नाहीत?" त्यांना समजावता समजावता मागे रांग वाढली. केंद्रात चित्र काढणं शक्य नव्हतं, पण रात्री साहित्य जमा करून घरी आल्यावर आठवणीतून त्यांची पाठमोरी आकृती काढली. कासोटा, हातातली काठी आणि किंचित वळलेली मान, अजून त्या चिठ्ठीच्या वाटेकडे. माझ्या वहीतलं तेवढं एकच चित्र बायकोला आवडतं.

माझं स्वतःचं मत? ड्यूटीचं प्रमाणपत्र होतं, त्यामुळे त्याच केंद्रावर दिलं. रेघा ओढणाऱ्या बोटावर दुसऱ्याने रेघ ओढली.

धागाकर्ता

मास्तर, ते चित्र आम्हाला कधी दाखवणार?

केळीवाला, रावेर

विधानसभा 20 नोव्हेंबरला होती, म्हणजे ऐन भरताच्या दिवसांत. आमच्या भागात तेव्हा कोण कोणाच्या शेतात भरीत खातंय यावरून हवा ओळखतात. रोज एका शेतातून निरोप. सगळीकडे जायचं, सगळीकडे खायचं, आणि पोटाने कोणालाही शब्द द्यायचा नाही.

17 तारखेला, रविवारी, आम्ही चुलत-सख्खे मिळून अकरा जण आमच्याच मळ्यात बसलो. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवल्या, त्यात बिनकाट्याची हिरवी वांगी टाकली. भरीत करणं हा माझा छंदच, बायकांना मी हात लावू देत नाही. वांगं काळं पडून मऊ झालं की गरम असतानाच सोलायचं असतं, थांबलात तर साल चिकटते. बोटं भाजत असताना माणूस राजकारण बोलू शकत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणून मी सगळ्यांनाच सोलायला बसवलं. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल. सोबत कळण्याची भाकरी. जेवण होईपर्यंत शांतता, मग पुन्हा तोफा.

एक गोष्ट मात्र केली. बियाण्याच्या रिकाम्या पाकिटामागे तीन प्रश्न लिहिले. केळीचा पीकविमा वेळेवर का मिळत नाही? शेतीला वीज दिवसा का नाही? भाव पाडून माल उचलला जातो त्याचं काय? जळगावच्या केळीला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने डिझेल येत नाही. जो दारात आला त्याला हे तीन विचारले आणि उत्तर तिथेच टिपलं. एकाने तिन्ही प्रश्नांना "बघू" म्हटलं. एकाने माझ्याच केळीची तारीफ करून दोन डझन नेली. एकाने पीकविम्याचं नीट सांगितलं, पुढच्या दोन्हींना कबूल केलं की माहीत नाही. मी त्या पाकिटाकडे बघून मत दिलं. घरातले दहा जण मात्र जिथे द्यायचं तिथेच देऊन आले.

पक्षीवेडा, भुसावळ

रेल्वेत आहे. 20 नोव्हेंबरला पहाटे हतनूर धरणावर गेलो. चक्रवाक आले होते, थापट्याही. नऊला परत येऊन मत दिलं.

पक्षी मोजताना एक सवय लागते. लांबून काही दिसलं आणि खात्री नसली तर नावासमोर प्रश्नचिन्ह लावायचं. त्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे येईल त्याला मी नुसतं प्रश्नचिन्ह टाकत होतो. मेहुण्याने मला ग्रुपमधून काढलं. आठवड्याने बायकोने परत घेतलं, कारण गॅसचा नंबर लावणारा मीच असतो.

धुळेकर, सध्या पुणे

माझं पहिलंच मतदान. अहिराणी रील करतो. एका नेत्याच्या भाषणाची नक्कल टाकली, जोरात चालली. दोन दिवसांनी काकांचा फोन. ते त्याच नेत्याचे कार्यकर्ते. म्हणाले, "पोरा, चांगली केलीस, पण आता दुसऱ्याचीही कर." केली. दुसऱ्याच्या लोकांचा फोन आला, तो मात्र इतका गोड नव्हता. रील काढली नाही, पण रात्रभर झोप नाही. 19 मेला रात्रीची बस पकडली, वीसला सकाळी धुळ्यात उतरलो, तोंड न धुता रांगेत उभा राहिलो. मागे काका. म्हणे, "आमच्या नेत्याचा आवाज अजून जरा घोगरा हवा होता."

सून, चाळीसगाव

सासरे 88 वर्षांचे. लोकसभेला 85 च्या वरच्यांना घरून मत देता येत होतं, म्हणून 12डी फॉर्म भरला. ठरलेल्या दिवशी दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक व्हिडिओवाला दारात. सासरे रेडिओवर जुनी गाणी ऐकत होते. हा त्यांचा साठ वर्षांचा छंद, मध्ये कोणी बोललेलं चालत नाही. अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे गाणं होऊ द्या." ते बिचारे उभे राहिले. गाणं संपलं, मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतपत्रिका भरली, पाकीट बंद केलं.

आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं. सासूबाई दाराशीच. माणसं जाताच विचारलं, "कोणाला दिलं?"

"गुप्त असतं."

सासूबाई 79 च्या, त्यामुळे त्यांना 13 मेला केंद्रावर जावं लागलं. मी रिक्षाने नेलं. उन्हातून परत येऊन पदराने घाम पुसत त्या खुर्चीत टेकल्या. सासऱ्यांनी रेडिओचा आवाज कमी केला, जे ते कधी करत नाहीत, आणि विचारलं, "कोणाला दिलं?"

सासूबाईंनी हात लांब करून आवाज पुन्हा मोठा केला.