‘पंतप्रधान’, ‘मुख्यप्रधान’ आणि ‘मुख्यमंत्री’ : ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याच्या स्थापनेविषयी लिहिताना ‘प्राइम मिनिस्टर’साठी ‘पंतप्रधान’ हा शब्द सहज येतो, परंतु वसाहतींच्या ‘प्रीमियर’ला, म्हणजे वसाहतीच्या सरकारच्या प्रमुखाला, काय म्हणावे? ‘मुख्यमंत्री’ लिहिले तर खटकते, आणि ‘प्रीमियर’ तसाच ठेवला तर चित्रपटाचा पहिला खेळ आठवतो.

उत्तर : ‘मुख्यमंत्री’ म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे संघराज्यातील घटक राज्य उभे राहते, म्हणून तो शब्द येथे खटकतो. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया आदी सहा वसाहती १ जानेवारी १९०१ पर्यंत कोणत्याही संघाचे घटक नव्हत्या; प्रत्येकीचे विधिमंडळ वेगळे होते आणि त्यांच्या सरहद्दींवर जकातनाकी होती. तेव्हा १९०१ पूर्वीच्या काळासाठी ‘मुख्यप्रधान’ आणि त्यानंतर ‘मुख्यमंत्री’ असे मी सुचवीन. ‘मुख्यप्रधान’ हा शब्द नव्याने घडवलेला नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा मराठीत त्यांना मुख्यप्रधानच म्हणत. ‘मुख्यमंत्री’ पुढे रुळला. ‘पंतप्रधान’ त्याहूनही जुना, कारण मुळात ते पेशव्यांचे पद.

दोन शब्द वेगळे ठेवल्याचा फायदा एका प्रसंगात चांगला दिसतो. डिसेंबर १९०० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड होपटन यांनी नव्या संघराज्याचे सरकार बनवण्याचे पहिले निमंत्रण न्यू साउथ वेल्सचे मुख्यप्रधान विल्यम लाइन यांना दिले. लाइन संघाच्या विरोधात होते, त्यामुळे आल्फ्रेड डीकिन आदी संघवादी नेत्यांनी त्यांच्या हाताखाली काम करण्यास नकार दिला, लाइन यांना निमंत्रण परत करावे लागले आणि एडमंड बार्टन पंतप्रधान झाले. बार्टन स्वतः कधीही मुख्यप्रधान नव्हते, उलट त्यांच्या मंत्रिमंडळात लाइन, टर्नर, किंग्स्टन, फॉरेस्ट यांच्यासारखे आजी-माजी मुख्यप्रधान एकत्र बसले होते. ही गंमत दोन्ही पदांना वेगळे शब्द असतील तरच मराठीत उतरते. (ऑस्ट्रेलियाच्या घटनेत मात्र पंतप्रधानपदाचा उल्लेखच नाही, ते पद निव्वळ प्रथेवर उभे आहे.)

दुसरे मत : ‘मुख्यप्रधान’ पूर्ण मान्य, पण १९०१ ची सीमारेषा अमान्य. लाइन १ जानेवारीला केंद्रात मंत्री झाले, तरी न्यू साउथ वेल्सचे पद त्यांनी मार्चपर्यंत सोडले नव्हते. वरील नियम पाळायचा तर ते ३१ डिसेंबरच्या रात्री मुख्यप्रधान म्हणून झोपले आणि सकाळी मुख्यमंत्री म्हणून उठले असे लिहावे लागेल. माणूस तोच, खुर्ची तीच, तिचे इंग्रजी नावही तेच. बदलला तो फक्त मराठी अनुवादकाचा शब्द!

पहिल्या उत्तराची दुरुस्ती : आक्षेप रास्त आहे. बार्टन यांच्या काळावरील संपूर्ण लेखनात ‘मुख्यप्रधान’ एवढा एकच शब्द ठेवावा, आणि ‘मुख्यमंत्री’ आजच्या व्हिक्टोरियातील किंवा क्वीन्सलँडमधील बातमीपुरता राखून ठेवावा.