आई सोलापुरात केअर सेंटरमध्ये आहे. हे दुर्लक्ष आहे की माझाच वहीम? मदत हवी आहे

खिडकीची_सीट:

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तिला कळतं सगळं, पण शब्द सापडायला वेळ लागतो. मी पुण्यात, भाऊ-बहीण कुणी नाही. तिला इकडे आणून बघितलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मी दिवसभर ऑफिसात. दोन बायका ठेवल्या, दोघी महिन्याच्या आत सोडून गेल्या. आईलाही सोलापूर सुटेना. शेवटी विजापूर रोडच्या बाजूला एक केअर सेंटर मिळालं (नाव विचारू नका, लिहिणार नाही). महिना २२ हजार, डायपर आणि औषधं वेगळी.

शनिवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडते, रविवारी चार ते सहा भेटायची वेळ. गेलं की आई वेणी घालून, पावडर-टिकली लावून खुर्चीत. फरशी पुसलेली. मी खूश होऊन परत.

मागच्या बुधवारी कामासाठी सोलापुरात होते, दुपारी एकला न सांगता गेले. आई उताणी पडलेली. उजव्या बाजूला स्टुलावर स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, वर धुळीची साय. उजवा हात हलतच नाही हो तिचा! हाक मारायची बेल डावीकडे, पण तिची वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवलेली. मी पेला विसळून पाणी दिलं तर दोन घोट घेतले आणि मान फिरवली. म्हटलं, पी की अजून. तर थांबत थांबत म्हणाली, "नको. पिलं की ओलं होतंय. ओलं झालं की त्या वैतागतेत."

तेव्हापासून मला धड झोप नाही.

बाकीचं आता एकेक आठवतंय. हातातल्या बांगड्या पूर्वी साबण लावून काढाव्या लागायच्या, आता कोपरापर्यंत सरकतात. दुपारी सारखी गुंगीत असते. टाच लालसर-काळपट झालीय. इनचार्ज बाई म्हणाल्या, "वय झालं ताई, असंच असतंय."

वयाने होणारं कुठलं आणि हलगर्जीपणाने होणारं कुठलं, हे कसं ओळखायचं? आणि मी तक्रार करून पुण्याची गाडी पकडली की मागे राग आईवर निघाला तर? खरं सांगायचं तर मी जास्त घाबरतेय ते या दुसऱ्याच प्रश्नाला.

कडकभाकरी:

ताई, वहीम नाही हा. एप्रिल चालू आहे, सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे. अशात भरलेला पेला तसाच राहतो म्हणजे सकाळपासून कुणी फिरकलेलं नाही. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे धुणं-पुसणं काटकसरीत चालतं हे मान्य. पण प्यायचं पाणी त्यात येत नाही.

निवृत्त_सिस्टर:

३१ वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या आईंना कुणी पाणी नाकारलेलं नाही, त्यांनी स्वतःच बंद केलंय. हे फार घडतं, आणि रजिस्टरमध्ये "पेशंट पाणी घेत नाही" एवढंच दिसतं. पाणी कमी म्हणजे लघवी घट्ट, मग इन्फेक्शन, मग गुंगी आणि बरळणं. त्यामुळे गुंगीला लगेच वयाचं लेबल लावू नका. लघवीची तपासणी करून घ्या, आणि औषधांचा तक्ता मागा. रात्री शांत झोपावी म्हणून एखादी गोळी वाढलेली असते, घरच्यांना पत्ताच नसतो. पाणी कमी पडलंय का हे बघायला कातडी चिमटीत धरून बघू नका, या वयात ती तशीही ढिली असते. जीभ बघा, डायपरमधल्या लघवीचा रंग आणि वास बघा. लकव्याच्या पेशंटला पाणी पिताना ठसका लागतो का, तेही बघा. लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भराभर पाजू नका.

टाच. बोटाने दाबून सोडा. लाली क्षणभर पांढरी पडून परत आली तर अजून वेळ आहे. दाबूनही तशीच राहिली तर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट लागते का? हीच तपासणी माकडहाडावर आणि दोन्ही खुब्यांवर करा. आईंना कुशीवर वळवून, पूर्ण उजेडात. लाज वाटू देऊ नका. रविवारची टिकली-पावडर समोरून दिसते, जखम पाठीमागे असते.

त्या लाल जागेला चोळायचं नाही. आम्ही पूर्वी स्पिरिट आणि पावडर लावून चोळायचो, अभिमानाने चोळायचो. ते चूक होतं. गोल रिंगची उशीही नको. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. एअर बेड चांगला, पण तो आणला म्हणून कूस बदलणं थांबत नाही. साधारण दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा.

आणि वजन करा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं असेल तर ते वय नाही, त्याचं कारण शोधावं लागतं.

स्पष्टवक्ता:

महिना बावीस हजार फेकून आईला परक्यांच्या हवाली करायचं आणि मग परक्यांनी लेकीसारखं करावं ही अपेक्षा. आईला घरी न्या, प्रश्न मिटला.

रातपाळी:

स्पष्टवक्ता, तुम्ही आठ दिवस करून दाखवा एका लकव्याच्या पेशंटचं, मग बोलू.

ताई, मी अशाच एका ठिकाणी तीन वर्षं नाईट केलीय. आमच्या बाजूचंही ऐका. रात्री सोळा पेशंटला आम्ही दोघी. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, उशा लावायच्या म्हणजे दोघींना सात-आठ मिनिटं. सोळा पेशंटचे झाले दोन तास. म्हणजे पहिला फेरा संपला की दुसरा लगेच चालू, पाठ टेकायला नाही, आणि मध्येच कुणी उलटी केली की सगळंच कोलमडतंय. मग काय होतंय, जो ओरडतोय त्याच्याकडं आधी जातो आम्ही. तुमची आई बोलू शकत नाही, ती शेवटी राहते. बेल गुंडाळून ठेवतेत ती याचसाठी. चूकच आहे ते. पण मावशी बदलून उपयोग नाही, रात्री माणसं किती हे मालकाला विचारा. तोंडी नको, ड्युटीचा तक्ता दाखवा म्हणा.

डायपर किती वेळाने बदलतेत बघायचंय का? नवीन डायपरच्या पट्टीवर बॉलपेनने बारीक वेळ लिहून ठेवा. नंतर कुणाला तरी अचानक जाऊन बघायला सांगा. आम्हाला कळायचं की या पेशंटचे नातेवाईक बघतेत. तिथं हात आपोआप वळतो, खोटं कशाला सांगू.

राग आईवर निघेल का? मावशीला चारचौघांत झापलं तर निघू शकतो. तिला आधी "जेवलीस का" विचारा, मग आईचं सांगा.

खिडकीची_सीट:

सिस्टर, रातपाळी, तुम्हा दोघींचं वाचून रडले. दोन तासांचा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी मावशीशीच भांडणार होते.

स्पष्टवक्ता, तुम्हाला उत्तर देत नाही.

उत्तरकसबा:

वकिली करतो म्हणून कायद्याचं बोलतो. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तुम्हाला दहा जण सांगतील. त्यातला प्रांताधिकाऱ्यांकडचा अर्ज मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी असतो, तुमच्या कामाचा नाही. तुमच्या उपयोगाच्या गोष्टी दोन. पहिली, ग्राहक आयोग. पैसे घेऊन सेवा दिली नाही ही सेवेतली त्रुटी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुसरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७: असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून जाणूनबुजून न करणं. तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस लगेच धावतील अशी आशा नको. मारहाण किंवा जिवाला धोका दिसला तर मात्र विचार न करता ११२ ला फोन.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. आई महिला आहेत, त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पण हे सगळं नंतरचं. आधी कागद जमवा. पावत्या, दाखल करतानाचा फॉर्म, जखमेचा फोटो (शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो), डॉक्टरांची चिठ्ठी. इनचार्जशी जे बोलाल ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, आरोपाच्या नाही, विनंतीच्या भाषेत: "आज ठरल्याप्रमाणे पेला डावीकडे ठेवावा, बेल हाताशी असावी, कूस बदलल्याची वेळ तक्त्यात लिहावी." त्यांनी नुसतं ओके पाठवलं तरी तो पुरावा.

कडकभाकरी:

आणि सोलापुरातली माणसं कामाला लावा. मामेभाऊ, जुन्या वाड्यातल्या शेजारीण, भजनी मंडळातल्या मैत्रिणी. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, रविवार सोडून. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही सहा जणांनी वार वाटून घेतले होते. "दही-भात द्यायला आलोय" एवढं निमित्त पुरतं. भेटायच्या वेळेबाहेर पाच मिनिटंही आत सोडत नसतील तर काय समजायचं ते समजा.

खिडकीची_सीट:

नऊ दिवसांनी लिहितेय. चार दिवस रजा टाकून गेले होते.

दवाखान्यात नेलं. वजन ५२ वरून ४६, आठ महिन्यांत. लघवीत इन्फेक्शन निघालं, औषध चालू केलंय, गुंगी बरीच उतरली. टाचेचं अजून वरवर आहे, पण माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, कातडी गेलेली. रविवारी खुर्चीत बसवून ठेवायचे तेव्हा ती त्याच जखमेवर बसलेली असायची. आणि मी समोर बसून गप्पा मारत होते.

मालकांना भेटले. रात्री २१ पेशंटला दोन माणसं. तक्ता दाखवायला आधी टाळाटाळ केली, मग दाखवला. बोलणं झाल्यावर मेसेज टाकला, ओके आलं. पेला डावीकडे आला, बेल उशीला पिनने लावलीय. मामेवहिनी मंगळवारी दुपारी अचानक गेली होती, डायपरवर सकाळी सातची वेळ तशीच होती. म्हणजे सहा तास. गुरुवारी गेली तेव्हा तीन तासांपूर्वीची होती.

रात्रपाळीच्या मावशींशी बोलले. जेवलात का विचारलं तर बाई आधी घाबरल्याच. आता आईला पाजताना त्या म्हणतात, "पी गं माय, ओलं झालं तर मी हाय की." आई अर्धा पेला पिते.

पण २१ ला दोन हे गणित त्या मावशीच्या हातात नाही, आणि मालक माणूस वाढवणार नाहीत हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दुसरी जागा बघतेय. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे कुणाचं माणूस ठेवलेलं असेल, आणि तिथली रात्र कुणी स्वतः बघितली असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवसाचं मी बघून घेईन.