‘फॉर्म ए परत आणा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पावतीबुक
कालपासून एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘युरोपला द्राक्षं पाठवताना मूळ देशाचं निवेदन आता निर्यातदारानेच इनव्हॉइसवर लिहायचं. पूर्वी फॉर्म ए या मूळ देशाच्या दाखल्यावर सरकारी शिक्का असायचा, जबाबदारी शिक्का मारणाऱ्याची. आता सगळं आपल्या गळ्यात. फॉर्म ए परत आणा.’

जबाबदारीचं ते वाक्य साफ चूक आहे. फॉर्म ए च्या 11व्या रकान्यात शिक्का असायचा, पण 12व्या रकान्यात निर्यातदाराचीच सही असायची, वरची माहिती खरी असल्याची. तिकडच्या कस्टम्सने फेरतपासणी मागितली की तेव्हाही कागद आपल्याच कपाटातून निघायचे.

रेक्समध्ये, म्हणजे एकदा नोंदणी करून निर्यातदाराने स्वतःच निवेदन लिहायच्या या नव्या पद्धतीत, वेगळं काय? युरोपीय आयोगाच्या साइटवर अर्ज भरायचा, प्रिंट काढून सही करायची, अपेडासारख्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) अधिकृत संस्थेकडे द्यायचा. चौथ्या रकान्यात मालाचं एचएस शीर्षक, म्हणजे कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक: द्राक्षं 0806. सहाव्या रकान्यात माहिती प्रसिद्ध करायला संमती द्या, नाहीतर आयातदाराला नुसता नोंदणीचा नंबर चालू आहे एवढंच दिसतं, कंपनीचं नाव दिसत नाही आणि तो ईमेलवर ईमेल करत बसतो. नंबर एकदा मिळाला की कंटेनरमागे खेटे नाहीत. जीएसपी या विकसनशील देशांसाठीच्या युरोपीय सवलतीत आपल्या हंगामात ताज्या द्राक्षाला साडेअकराऐवजी 8 टक्के ड्यूटी. 30,000 युरोच्या कंटेनरला 1,050 युरो वाचतात.

बांधावरून
1,050 युरो वाचतात, पण कुणाचे? आयातदाराचे. आणि निवेदन नाकारलं गेलं तर? करारात कलम असतं, ड्यूटीचा फरक निर्यातदाराकडून वसूल. मोठ्या कंपनीकडे कागद बघायला चार माणसं असतात. वर्षाला आठ-दहा कंटेनर करणाऱ्याचं निवेदन सीएचएचा (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाचा) पोरगा मागच्या वर्षीच्या फाइलमधून कॉपी करतो. शिक्का मारताना निदान दुसरं कुणीतरी कागद वाचायचं. ते वाचणं गेलं, याचं दुःख आहे. तुम्ही रकाने मोजत बसलात.

रीफर40
कॉपी-पेस्टचं अगदी खरं. ठरलेल्या चुका अशा. घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता नाही. तारीख नाही. मूळ देश कशावरून ठरला त्या निकषाची जागा कोरी. ताज्या द्राक्षाला तिथे नुसता ‘पी’ हवा, म्हणजे संपूर्णपणे इथेच पिकलेलं; काही जण ‘डब्ल्यू 0806’, म्हणजे इथे पुरेशी प्रक्रिया झालेला माल, असं ठोकून देतात. आणि सगळ्यात जास्त घोळ इंग्लंडच्या मालात. ब्रेक्झिटनंतर तिथे रेक्स चालत नाही, जून 2023 पासून त्यांची स्वतःची डीसीटीएस ही सवलत योजना आहे. तरी युरोपीय संघाच्या जीएसपीचं वाक्य छापून कंटेनर निघतात. चूक झाली तर निवेदन निर्यातीनंतरही करता येतं, आयातीपासून 2 वर्षांच्या आत तिकडे सादर झालं पाहिजे. रडत बसू नका, दुरुस्त करून पाठवा.

6,000 युरोच्या आत नंबर लागत नाही म्हणून एकच खेप तीन इनव्हॉइसमध्ये तोडणाऱ्यांनाही सांगतो: मर्यादा खेपेला आहे, इनव्हॉइसला नाही.

चाळणी
द्राक्षाचं सोपं आहे हो. शेतनोंदणी, सातबारा, रेसिड्यूचा रिपोर्ट, सगळी साखळी ग्रेपनेट या अपेडाच्या नोंदणी प्रणालीमुळे आपोआप तयार असते. बेदाण्याचं बोला. कोल्ड स्टोरेजमध्ये अफगाणी माल आपल्या मालाशेजारी पडलेला असतो. धुऊन, चाळून, ग्रेडिंग करून एका बॉक्समध्ये जातो आणि निवेदनावर ‘भारत’. याला स्वप्रमाणन म्हणायचं?

बांधावरून
थोडा परका माल चालतो. 15 टक्क्यांची सूट आहे, वजनावर.

चाळणी
हेच अर्धवट ज्ञान बाजार बुडवतं. 15 टक्क्यांची सूट आहे, पण तिच्यामागे अपुऱ्या प्रक्रियेची यादीही आहे. धुणं, साफ करणं, चाळणं, प्रतवारी, पॅकिंग, लेबल लावणं आणि साधं मिसळणं हे सगळं त्या यादीत. नुसतं मिसळून माल भारतीय होत नाही, मग परका भाग 5 टक्के असो की 15. अफगाणिस्तान आपल्या दक्षिण आशियाई क्युम्युलेशन गटातही नाही, म्हणजे ज्यांचा माल एकमेकांच्या मालात धरता येतो त्या देशांत. साफ्टा या दक्षिण आशियाई व्यापार कराराखाली तो माल इथे बिनड्यूटी येतो, म्हणून तो इथला ठरत नाही.

बांधावरून
तुम्ही तासगाव-सांगलीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना चोर म्हणताय. सौद्यात बोली लावणारा शेतकऱ्याचाच माल घेतो. आवाज खाली घ्या.

चाळणी
मी मिसळणाऱ्याला म्हणतोय. शेतकऱ्याचंच नुकसान होतंय म्हणून आवाज चढतो. एक लॉट पकडला गेला की तपासनीस त्या निर्यातदाराची बाकी निवेदनंही उघडतो आणि नंबर रद्द होऊ शकतो. त्याच्या मागे ज्यांनी प्रामाणिक माल घातला, त्यांचे सौदे मोडतात.

पावतीबुक
चाळणींचा नियम बरोबर आहे. त्यात एक बारीक गोष्ट: बेदाण्याला पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतो. ते आयात केलेलं असेल तरी धडा 8च्या (फळांच्या) नियमात मोजतात फक्त फळ आणि साखर. फळ सगळं इथलं हवं, साखर वजनाच्या 40 टक्क्यांच्या वर नको. अशा बेदाण्याला माझ्या मते ‘डब्ल्यू 0806’ लिहिणं सुरक्षित.

रीफर40
ऑइल अंतिम मालात धरायचं की नाही यावर वाद होईल. नोंदणी देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या.

बांधावरून
ठीक. मिसळण्याबद्दल मी चुकलो, 15 टक्के मी तिथे लावायला नको होते. फॉर्म ए च्या 12व्या रकान्याचंही मान्य. पण लहान निर्यातदाराने नेमकं काय जपून ठेवायचं, ते कुणी सांगत नाही, ही तक्रार कायम आहे.

पावतीबुक
घ्या मग. प्रत्येक निवेदनामागे एक पाकीट. ट्रेडर असाल तर पॅकहाऊसकडून किंवा शेतकऱ्याकडून लेखी कबुली की माल कुठल्या नोंदणी क्रमांकाच्या बागेतला. खरेदीची पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, पॅलेटनिहाय लॉट यादी, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग. फायटो ठेवा, पण त्यावर विसंबू नका. तो रोगकिडीचा दाखला, सवलतीसाठीचा मूळ देश त्याने सिद्ध होत नाही. निवेदन ज्या वर्षी केलं ते कॅलेंडर वर्ष संपल्यापासून 3 वर्षं हे पाकीट फेकायचं नाही. तपासणीच्या पत्राला पहिली मुदत 6 महिन्यांची असते आणि ते पत्र आपल्याकडे येतं संस्थेमार्फत. म्हणून अर्जातला फोन, ईमेल किंवा पत्ता बदलला असेल तर आजच कळवा.

चाळणी
आणि बेदाण्याच्या पाकिटात कोल्ड स्टोरेजची आवक पावती, लॉट नंबरासकट. तो नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळत नसेल तर निवेदन लिहूच नका, पूर्ण ड्यूटी भरून माल जाऊ द्या.