मदत हवी आहे: पहिलाच प्लॅटफॉर्मर, कडेवरून मारलेली उडी मधूनच लागत नाही (गोडो ४ गेम इंजिन)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. येत्या शनिवार-रविवारी कॉलेजात हॅकेथॉन आहे, त्यात साधा टूडी प्लॅटफॉर्मर (टप्प्यांवरून उड्या मारत जायचा गेम) करायचा बेत आहे. गेम बनवायची सगळ्यांचीच पहिली वेळ. आधी लिहिलेला कोड चालणार नाही, त्यामुळे सध्या नुसता सराव चाललाय.

गेम असा: भरती चढतेय आणि एका खेकड्याला कातळाच्या टप्प्यांवरून उड्या मारत, पाणी पोचायच्या आत माथा गाठायचाय. लेव्हल एकच. शत्रू नाहीत, गोळीबार नाही, फक्त पाणी. आमच्यातले दोघे रत्नागिरीचे, त्यामुळे कातळ कसा दिसतो ते कुणाला विचारावं लागलं नाही. हा गेम खरंच छान व्हावा अशी फार इच्छा आहे.

खेकडा कॅरेक्टरबॉडी टूडी (हलणाऱ्या पात्रासाठीचा गोडोतला नोड) आहे, कोड जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या भाषेतल्या तयार टेम्प्लेटचा: वेग ३००, उडी उणे ४०० (उणे म्हणजे वरच्या दिशेने), गुरुत्व ९८०. टाइल, म्हणजे लेव्हल मांडायचा चौकोनी तुकडा, ६४ पिक्सेलची.

टप्प्याच्या अगदी टोकावरून उडी मारली की कधी लागते, कधी खेकडा सरळ खाली पडतो. खेळणाऱ्याला वाटतं, बटण तर दाबलं होतं! शिवाय दोन टाइल उंचीच्या टप्प्यावर तो पोचतच नाही. आकडे अंदाजाने बदलत बसावं, की काही हिशेब असतो?

प्रतिसाद

हिशेब आहे, आणि शाळेतलाच आहे. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट. ४०० धरलं तर साधारण ८२ पिक्सेल येतात. तुम्हाला १२८ हवेत. उणे ५४० करा, जवळपास १४९ मिळतील. वरचे वीसेक पिक्सेल राहू द्या, नाहीतर प्रत्येक उडी जेमतेम लागेल आणि खेळणारा वैतागेल. या उडीत खेकडा १.१ सेकंद हवेत असतो, म्हणजे ३०० च्या वेगाने ३३० पिक्सेल, पाच टाइल पुढे जातो. सपाटीवरचं अंतर चार टाइलच्या वर नेऊ नका. हे आकडे ठरल्याशिवाय लेव्हल मांडायला घेऊ नका, नाहीतर उडी बदलली की सगळे टप्पे पुन्हा हलवावे लागतात.

टोकाचं कारण वेगळं. खेकडा कडेवरून सुटला की 'इज ऑन फ्लोअर' (जमिनीवर आहे का, ही तपासणी) लगेच खोटं होतं, आणि माणसाचं बोट दोन-चार फ्रेम उशिरा पडतं. यावर कायोटी टाइम, म्हणजे कड सुटल्यावरही क्षणभर उडीची सवलत, हा उपाय: जमिनीवर असताना एक टायमर ०.१ सेकंदावर ठेवा, हवेत गेल्यावर तो डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) कमी करा आणि शून्याच्या वर असेपर्यंत उडी मंजूर करा. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ही सहा फ्रेमची सवलत होते. उडी मारताच टायमर शून्य करायला विसरू नका, नाहीतर हवेत दुसरी उडी मिळते. हेच उलट बाजूनेही करा: जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटण तेवढाच वेळ लक्षात ठेवायचं.

प्रतिसाद

वेब एक्स्पोर्ट (ब्राउझरमध्ये चालणारी गेमची प्रत) पहिल्याच संध्याकाळी करून बघा, खेकड्याच्या जागी नुसता चौकोन असला तरी. इंडेक्स फाइलवर डबल क्लिक करून गेम उघडत नाही, लोकल सर्व्हर लागतो किंवा इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर चढवावा लागतो. सुरुवातीला 'सुरू करा' बटण ठेवा, कारण खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. चित्रांसाठी केनी या साइटवरचे तयार संच बघा, सीसी-झिरो आहेत, म्हणजे परवानगी न घेता वापरता येतात. नियमात बाहेरची चित्रं चालतात का, ते आयोजकांना आधी विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! कायोटी टाइम घातला आणि टोकावरची उडी दर वेळी लागतेय. आता पाण्याचं सांगा: एकाच वेगाने चढवलं तर चांगला खेळणारा इतका पुढे जातो की पाणी दिसतच नाही, आणि नवखा पहिल्याच टप्प्यावर बुडतो. खेकडा आणि पाणी यांच्यातलं अंतर बघून वेग कमी-जास्त करावा का? कुणी केलं असेल तर किती फरक ठेवलात?