लेझीलिस्ट वापरूनही हीप का भरतो?

प्रश्न:
४ जीबीची लॉग फाइल आहे, हीप (प्रोग्रामला मिळालेली मेमरी) १ जीबी. सगळी फाइल मेमरीत यायला नको म्हणून मुद्दाम स्काला भाषेची लेझीलिस्ट (मागितल्यावरच घटक काढणारी यादी) घेतली. ओळींच्या इटरेटरची (एकेक ओळ देत पुढे जाणाऱ्याची) लेझीलिस्ट करून 'ओळी' नावाच्या व्हॅलमध्ये (एकदाच ठरणाऱ्या नावात) ठेवली. आधी 'एरर' असलेल्या ओळी मोजते, मग एकूण. पहिली मोजणीही पुरी होत नाही, आउट ऑफ मेमरी येतं. लागेल तेवढंच काढायचं, हाच लेझीपणा ना? मग हे साठतंय कुठे? दोन दिवस अडकले आहे.

उत्तर १:
तुमच्या व्हॅलमध्येच. लेझी म्हणजे मागेपर्यंत काढायचं नाही. वापरून झालं की टाकून द्यायचं, असं त्यात कुठेच नाही. शेपटीच्या (पहिल्या घटकानंतरच्या यादीच्या) जागचा थंक, म्हणजे पुढे ढकललेला हिशेब, एकदाच चालतो आणि त्याचं उत्तर तिथेच बसतं. 'ओळी'ने पहिली पेशी (घटक आणि त्याची शेपटी) धरलीय, पहिलीने दुसरी, दुसरीने तिसरी. नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरने उचलायचं काय?

प्रत्येक घटकावर काम करून नवी लिस्ट देणाऱ्या मॅपच्या आत प्रिंट टाका आणि ती लिस्ट व्हॅलमध्ये ठेवा. पहिल्यांदा पाच घटक मागितले की पाच ओळी छापल्या जातील. तेच पाच पुन्हा मागा, एकही छापली जाणार नाही.

या साठवणीवर रागावू नका मात्र. फिबोनाचीची (प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) लिस्ट ०, १ आणि पुढे 'मी अधिक माझी शेपटी' अशी लिहितात, ती हिच्याच जोरावर पळते. तिथे व्हॅलऐवजी डेफ लिहून बघा: प्रत्येक उल्लेखाला नवी लिस्ट सुरू होते आणि चाळिसाव्या संख्येपर्यंत जाता जाता कोट्यवधी बेरजा होतात. मला तर ही रचना फार देखणी वाटते.

उत्तर २:
इथे डेफने मेमरी वाचेल, पण फाइल दोनदा वाचली जाईल. मागे वळून बघायचंच नसेल तर इटरेटर तसाच ठेवा आणि एकाच फोल्डलेफ्टमध्ये (सगळ्या ओळींवरून एकदाच जात हिशेब जमवणाऱ्या फेरीत) दोन्ही आकडे मोजा.

लेझीलिस्टच्या आधीच्या जुन्या स्ट्रीमकडे वळू नका. तिथे पहिला घटक लगेच काढला जायचा. २०१९च्या स्काला २.१३मधल्या लेझीलिस्टमध्ये तोही थांबतो. साठवण दोन्हीकडे सारखीच.

प्रश्नकर्ती:
प्रिंट टाकून पाहिला, दुसऱ्या वेळी खरंच काही छापलं नाही. फोल्डलेफ्टने पूर्ण फाइल मोजून झाली! आता एरर दिसली की आधीच्या पाच ओळीही हव्यात. त्यासाठी लेझीलिस्ट लागेल का?

उत्तर २:
नाही, इटरेटरचं स्लायडिंग (एकेक ओळ पुढे सरकणारी खिडकी) सहावर लावा. एका वेळी सहाच ओळी हातात राहतात, एरर शेवटच्या ओळीत शोधायची. फाइलच्या पहिल्या पाच ओळींतली एरर यात निसटते, ती वेगळी तपासा.