नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाहीये
गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे मग या बायका अजून मोर्चे कशाला काढतात असं वर एका भाऊंनी विचारलंय म्हणून लिहिते. भाऊ, कायदा आहे पण आमच्या धुळे-जळगावकडे तो दवाखान्याच्या दारातच अडकतो. माझ्या मावसबहिणीला एका खाजगी दवाखान्यात नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवलं, नवरा सुरतला कामाला, आता अठरा पूर्ण झालेल्या बाईला फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची नाही नि सासूची तर नाहीच, पण हे तिला कोणी सांगितलंच नाही. फार चीड येते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मधे दोघांचं लागतं आणि तेही ठराविक बायकांसाठीच. त्यात लग्न न झालेल्याही येतात हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मधे स्पष्ट केलं. हे आपोआप नाही झालं, २००८ मधे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार २० आठवड्यांनंतरच्या गर्भपाताची परवानगी मागायला पेशंटसोबत मुंबई हायकोर्टात गेले, नकार मिळाला तरी लढत राहिले.

अजून एक, गुन्हा आहे तो लिंगनिदान, त्याचा १९९४ चा कायदा वेगळा. पण दोन्हीची खिचडी करून ठेवल्यामुळे मेडिकलवाले धाकाने गर्भपाताच्या गोळ्याच ठेवत नाहीत. मग धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईने काय करायचं? नंदुरबारला यायचं तर मजुरी बुडते, सोबत कोणी लागतं, तोवर आठवडे सरकतात आणि ती बोगस डॉक्टरकडे जाते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे एवढं तरी आशाताईंना घरोघरी सांगायला लावा.